राधानगरीची बेरीज

पहाटे सहाच्या सुमारास राधानगरी तालुक्यातल्या कुठल्याही गावात दूध संस्थेपाशी जाऊन उभं राहावं. धारा आटोपून बायामाणसं किटल्या घेऊन येतात. दूध मापात पडतं, नमुना काढला जातो, फॅट आणि एसएनएफ लागतं, नोंद होते. संध्याकाळी पुन्हा तेच. दर दहा दिवसांनी बिल निघतं. कुणाची म्हैस व्याली, कुणाची आटली, कोणत्या महिन्यात ओली वैरण संपली आणि दुधाला ओहोटी लागली, हे सगळं त्या नोंदींमधून वाचता येतं. कोल्हापूर जिल्हा दूध संघ, म्हणजे आपलं 'गोकुळ', १९६३ साली स्थापन झालं. तेव्हापासून जिल्ह्यातल्या घरोघरच्या मिळकतीचा हा रोजचा हिशोब गावातल्या गावात लिहिला जातो आहे.

आता त्याच गावाचा ग्रामपंचायत विकास आराखडा उघडून पाहा. 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने २०१५ पासून राज्यातली प्रत्येक ग्रामपंचायत तो करते. पुढे ई-ग्रामस्वराज पोर्टल आलं आणि तो तिथे भरला जाऊ लागला. त्यात बहुधा गटार, अंतर्गत रस्ता, अंगणवाडीची दुरुस्ती, दिवाबत्ती असते. ही कामं हवीतच. पण गाव कशावर जगतं, पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे तो आराखडा विचारत नाही. नोंदी संस्थेच्या कपाटात राहतात, आराखडा पोर्टलवर राहतो, आणि दोघांची गाठ पडत नाही. राधानगरीच्या विकासात मला सर्वांत मोठी उणीव दिसते ती ही.

वास्तविक मोजून मग काम करण्याची रीत या मातीला नवी नाही. १८९६-९७ च्या दुष्काळाने करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थान होरपळलं. १९०२ साली राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानासाठी पाटबंधारे धोरण आखलं, स्वतंत्र इरिगेशन ऑफिसर नेमला, गावोगावच्या विहिरी आणि तलावांची पाहणी करवली. भोगावती नदीवरचं राधानगरी धरण त्या पाहणीच्या पाठोपाठ आलं. आजचं राधानगरी गाव वसलं, त्याला महाराजांची कन्या राधाबाईंचं नाव मिळालं. जलाशय लक्ष्मी तलाव झाला. पैशाअभावी बांधकाम अर्ध्यावर थांबलं, १९२२ साली महाराज गेले, आणि धरण पुरं व्हायला १९५० चं दशक उजाडलं. पण विचाराचा क्रम पाहा: आधी पाण्याची शिरगणती, मग भिंत.

महाराष्ट्रातल्या अभ्यासकांनीही हीच वाट चालवली. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची घर-घर, शेत-शेत पाहणी केली, ती १९१७ साली छापली गेली. धनंजयराव गाडगीळ यांच्या गोखले संस्थेने वाई तालुक्यातल्या शेतीधंद्याची पाहणी १९४० साली प्रसिद्ध केली. शेतकऱ्याच्या हातात खर्च वजा जाता काय उरतं, हा त्यांचा साधा आणि मूळचा प्रश्न होता. राधानगरीत तो आज तालुका म्हणून कुणी विचारत नाही.

कारण आपलं नियोजन सरासरीवर चालतं. वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ साली राज्याचा प्रादेशिक असमतोल मोजला आणि ३,१८६.७८ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. महाराष्ट्राच्या नियोजनातला तो मोठाच टप्पा. पण मोजणीचं एकक होतं जिल्हा. ऊस, दूध, फाउंड्री यांच्या जोरावर कोल्हापूर पुढारलेला ठरतो आणि त्या आकड्याच्या पाठीमागे पश्चिमेची डोंगररांग दिसेनाशी होते. पुढे डोंगरी विकास कार्यक्रम आला, त्याने एकक तालुक्यापर्यंत खाली आणलं. राधानगरीला तेही पुरत नाही. दाजीपूरचा पाऊस आणि राशिवड्याचा पाऊस यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पूर्वेला नदीकाठी उपसा पाण्यावर ऊस उभा, पश्चिमेला नाचणी, भात आणि जंगल. दोन्ही मिळून काढलेली सरासरी कुठल्याच गावाची नसते.

पाण्याचंच घ्या. एकट्या या तालुक्यात राधानगरी ८.३६, दूधगंगा २५.३९ आणि तुळशी ३.४७ अशी तीन धरणं मिळून ३७.२२ टीएमसी पाणी साठतं. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे उघडले की पंचगंगेच्या काठापर्यंत सगळे कान टवकारतात. धरणाचं पाणी नदीत सोडायचं, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घालून ते अडवायचं, तिथून मोटारी लावून रानात न्यायचं, या साखळीवर खालच्या पट्ट्याची समृद्धी उभी आहे. पण पाण्याची किंमत ते वापरलं जातं तिथे, उसाच्या टनात मोजली जाते. साठतं तिथे तिची नोंद नाही. धरणांच्या वरच्या अंगाला कित्येक वाड्या उन्हाळ्यात झऱ्याच्या धारेवर दिवस काढतात. महसुली दप्तरात अशी वाडी वेगळी नाही, खालच्या गावात धरलेली. गावाला नळ योजना असली की कागदावर धनगरवाड्यालाही असते.

जंगलाचीही तीच कथा. दाजीपूर १९५८ साली अभयारण्य झालं, १९८५ साली राधानगरी अभयारण्य ३५१.१६ चौरस किलोमीटरपर्यंत वाढलं, २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचं नाव लागलं. गवा रानात शिरला की पंचनामा होतो: गट नंबर, पीक, तारीख, नुकसान. हे पंचनामे भरपाईच्या फायलीत बंद होतात. ते गटवार आणि महिनावार नकाशावर मांडले तर कोणत्या शिवारात भात पेरणं परवडत नाही, कुठे चर हवा, कुठे पीक बदलायला हवं, हे एका बैठकीत कळेल. अभयारण्याभोवती २०२० साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. त्यासाठी स्थानिकांना विचारून झोनल मास्टर प्लॅन करायचा असतो. विचारायला आलेल्यांपुढे गाव कोणता कागद ठेवणार?

तालुका कशावर जगतो हे पाहायला अर्थशास्त्रात एक सोपं साधन आहे, स्थान गुणांक. तालुक्यातल्या दर शंभर काम करणाऱ्यांपैकी एखाद्या धंद्यात किती, जिल्ह्यात दर शंभरांत किती. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. उत्तर एकाहून मोठं आलं, तर तो धंदा तालुक्याचा खास. मी स्वतः मात्र या साधनावर राधानगरीत फार विसंबणार नाही. इथलं घर एका धंद्यावर चालत नाही. दोन म्हशी, अर्धा एकर खोडवा, पोरगा कागलच्या एमआयडीसीत, भाऊ मुंबईला, असं ते चालतं. जनगणनेच्या 'मुख्य काम' या रकान्यात यातलं एकच मावतं. शिवाय ती जनगणनाही २०११ ची. पुढची आता १ मार्च २०२७ हा दिवस धरून होणार आहे.

त्याहून कामाचा प्रश्न गळतीचा. मे-जूनमध्ये काजवे पाहायला पर्यटक येतात. त्यांनी खर्च केलेल्या शंभर रुपयांतले गावात किती थांबतात? किराणा कोल्हापूरहून, गाडीचं डिझेल बाहेरचं, मग राहिलं जेवण रांधणाऱ्या बाईचं आणि वाट दाखवणाऱ्या पोराचं. याला पोर्टल लागत नाही. एका हंगामात दहा घरांनी वहीत लिहिलं तरी अंदाज येतो, आणि तांदूळ, अंडी, दूध गावातूनच घ्यायचं ठरवलं तर काय फरक पडेल तेही समजतं.

मग करायचं काय? गावाकडे चार दप्तरं तयार आहेत. दूध संस्थेच्या नोंदी, साखर कारखान्याच्या चिटबॉयने केलेली ऊस नोंद, तलाठ्याकडची पीक पाहणी, वनखात्याचे पंचनामे. माणसांची नावं झाकून, फक्त वाडीवार बेरजा काढून ती ग्रामसभेत शेजारी शेजारी ठेवायची. संस्था आपली, सभासद आपले, तेव्हा ठराव करून बेरीज मागता येते. नावं झाकणं मात्र सोडून चालणार नाही. कुणाचं बिल किती हा गावच्या चर्चेचा विषय होता कामा नये. आणि वाडी हे एकक सोडायचं नाही. जिल्हा सांख्यिकी कार्यालय दरवर्षी सामाजिक व आर्थिक समालोचन काढतं. त्यातला तालुक्याचा आकडा आणि वाडीची बेरीज समोरासमोर ठेवली की जिल्हा नियोजन समितीपुढे बोलायला मुद्दा मिळतो.

सुरुवात एका कागदापासून होते. डावीकडे गावठाण, त्याखाली प्रत्येक वाडी आणि धनगरवाडा आपापल्या नावाने, वेगळ्या ओळीवर. समोर चार रकाने: दुभती जनावरं, दिवसाचं दूध, मे महिन्यातलं पाणी किती लांबून, गेल्या वर्षी गव्याने खाल्लेलं रान. जनगणनेचे प्रगणक डोंगर चढून येण्याआधी हा कागद गावाने भरून ठेवावा.