मातीचा किल्ला आणि मंगळाचे पठार

लढाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम माणसे उभी राहतात. घोडेस्वार, तलवारी, तोफा आणि त्यांचा धूर. सेनापतीच्या डोळ्यांपुढे मात्र प्रथम उभी राहते ती जमीन. ओढा कोठे आहे, चढ कोणत्या बाजूने सोपा आहे, झाडी किती दाट आहे, वाट कोठे अरुंद होते, हे त्याला आधी पाहावे लागते. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडले ते जावळीच्या रानावाचून घडले नसते. १६६० च्या पावसाळ्यात पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना घोडखिंडीत मूठभर माणसांनी मोठी फौज रोखून धरली, त्यात बाजीप्रभूंच्या पराक्रमाइतकाच त्या खिंडीच्या अरुंदपणाचाही वाटा होता. शौर्य माणसाचे असते. पण त्या शौर्याला पाय रोवायला जागा भूमी देते.

हे सत्य पुस्तकातून कळायला वेळ लागतो. हातांनी माती थापताना ते लवकर कळते. म्हणूनच घरी बसून लहानशी रणभूमी रचण्याच्या छंदाविषयी आज दोन शब्द सांगावयाचे आहेत. अलीकडे आपल्याकडच्या शहरांतील काही तरुण एक नवा खेळ खेळू लागले आहेत. टेबलावर बोटभर उंचीचे शिपाई मांडायचे, फुटपट्टीने अंतर मोजून ते पुढे सरकवायचे आणि फासे टाकून चकमकीचा निकाल लावायचा, असा तो खेळ. यातील पुष्कळशा लढाया इतिहासातल्या नसून परग्रहावरच्या, भविष्यकाळातल्या असतात. त्यासाठी लागणारे डोंगर, उद्ध्वस्त कारखाने आणि परक्या नगरांचे मनोरे खेळाडू बहुधा स्वतःच तयार करतात. घरातील वडीलधाऱ्यांना हे थेर परके वाटते. परंतु जरा निरखून पाहिले तर हा खेळ आपल्या अंगणात फार दिवसांपासून नांदतो आहे.

सहामाही परीक्षा संपली की महाराष्ट्रातील मुले दगड, विटा आणि फुटकी कौले गोळा करू लागतात. त्यांचा ढीग रचून त्यावर ओले गोणपाट पसरतात आणि वर लाल मातीचा चिखल थापतात. गोणपाटामुळे माती घसरत नाही आणि त्याच्या सुरकुत्या आपोआप कड्यांच्या घड्या बनतात. मग येतो तट, तटात बुरूज, बुरुजांच्या आड दरवाजा, वर बालेकिल्ला, पाण्याचे टाके आणि पायथ्याशी गाव. उतारांवर अळीव किंवा मोहरी पेरली की चार दिवसांत किल्ल्यावर हिरवळ उगवते. शेवटी कुंभाराकडून आणलेले मावळे जागोजाग पहाऱ्यावर उभे राहतात आणि महाराज सिंहासनावर बसतात.

या खेळात मूल काय शिकते? दरवाजा सरळ समोर ठेवला तर शत्रूची तोफ त्यावर थेट मारा करील, म्हणून तो दोन बुरुजांच्या बेचक्यात, वळणाआड लपवावा लागतो. रायगडाच्या महादरवाजाची रचना अशीच आहे. टाके उतारावर खणले तर पाणी टिकत नाही, हे चिखलात बोट घालताच समजते. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या का, हेही तीन सोंडांचा डोंगर हाताने केल्यावर निराळे सांगावे लागत नाही. माची म्हणजे डोंगराच्या सोंडेला घातलेले चिलखत होय. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, त्या नोंदीच्या नावातच लष्करी भूप्रदेश हा शब्द आहे. तटाइतकेच महत्त्व भोवतालच्या डोंगराला आहे, हे पंडितांनी मान्य केले. मुलांच्या हातांना ते पूर्वीच ठाऊक होते.

जगातील थोर सेनांनाही हे ज्ञान हवेसे वाटले. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या काळी तटबंदीच्या नगरांच्या लाकडी प्रतिकृती करविण्यास आरंभ झाला. त्यांतील अनेक आजही पॅरिसमध्ये पाहावयास मिळतात. १८१२ च्या सुमारास प्रशियात रायस्विट्झ नावाच्या गृहस्थाने राजाला एक मेज नजर केले. त्यावर डोंगर, नद्या आणि गावे दाखविणारे चौकोनी तुकडे हवे तसे जुळवता येत. पुढे त्याच्या मुलाने हा खेळ नकाशावर आणला आणि १८२४ पासून प्रशियाचे अधिकारी तो अभ्यास म्हणून खेळू लागले.

या संदर्भात कॅप्टन विल्यम सायबर्न याची हकीकत मोठी उद्बोधक आहे. वॉटर्लूच्या रणांगणाची प्रतिकृती करण्यासाठी हा इंग्रज अधिकारी १८३० साली तेथे जाऊन राहिला, शेत न् शेत मोजले आणि लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहून कोण कोठे उभा होता याची माहिती गोळा केली. १८३८ मध्ये लंडनला ही प्रतिकृती लोकांपुढे मांडली गेली. तिच्यात हजारो लहानग्या शिपायांचे थवे आहेत. परंतु प्रशियाची सेना त्या निर्णायक घटकेस कोठवर आली होती, यावरून वाद पेटला. सायबर्नने दाखविल्याप्रमाणे पाहिले तर विजयाचे मोठे श्रेय प्रशियाकडे जात होते, आणि ते वेलिंग्टनच्या पक्षाला रुचणारे नव्हते. अखेरीस सायबर्नला आपल्या प्रतिकृतीतील प्रशियन सैन्य कमी करावे लागले. कथिलाचे शिपाई हलले आणि इतिहास हलला! प्रतिकृती ही साक्ष असते. ती रचणाऱ्याने काय पाहिले, काय ऐकले आणि कोणापुढे मान तुकविली, हे सारे तिच्यात उतरते.

लखनौमध्ये राहणाऱ्या माणसाला याचा प्रत्यय सहज येतो. १८५७ च्या वेढ्यात पडझड झालेली रेसिडेन्सी येथे आजही भग्न स्थितीत जपलेली आहे आणि तेथील संग्रहालयात त्या साऱ्या आवाराची लहान प्रतिकृती आहे. बाहेर हिंडताना आपल्याला एकेक भिंत दिसते. प्रतिकृतीपाशी उभे राहिले की कोण कोणाच्या किती जवळ होते ते दिसते. आत कोंडलेल्यांना आणि बाहेरून वेढा घालणाऱ्यांना जे एकाच वेळी कधीच दिसले नसेल, ते आपण वरून पाहतो. अशा वेळी मनात येणारा विचार जय-पराजयाचा नसतो. इतक्या थोड्या जागेत किती जीव गेले, असाच तो असतो.

लहान प्रतिकृती करण्याची हातोटी या शहराच्या अंगी मुरलेली आहे. लखनौच्या कारागिरांनी घडविलेल्या मातीच्या मूर्ती एकोणिसाव्या शतकात युरोपातील संग्रहालयांपर्यंत पोहोचल्या. मोहरमसाठी येथे बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद यांतून जे ताजिये उभे राहतात, त्यांतील जाळीचे काम पाहून थक्क व्हावे. ते श्रद्धेचे विषय आहेत, खेळाचे नव्हेत. पण कामटीवर कागद ताणून घुमट कसा उभा करावा, हे शिकायला त्याहून चांगली शाळा नाही. दिवाळीच्या दिवसांत या प्रांतातील मुली मातीची लहान घरे रचतात, त्यांना घरौंदा म्हणतात. आपल्या मुलांचा किल्ला आणि येथील मुलींचा घरौंदा ही एकाच सणाची दोन भावंडे आहेत.

आता परग्रहाकडे वळू. एच्. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १८९८ साली मंगळावरून आलेल्या शत्रूंची कादंबरी लिहिली आणि त्याच लेखकाने १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम सांगणारे पुस्तक लिहिले. त्याने प्रारंभी ज्ञानकोशाचे जाड खंड जमिनीवर मांडून प्रदेश तयार केला आणि पुढे पुठ्ठ्याची घरे व फळीत खोचलेल्या डहाळ्यांची राने केली. त्या दोन पुस्तकांचा खरा संगम फार पुढे झाला. १९८७ साली इंग्लंडमध्ये ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा दूरच्या भविष्यातील युद्धाचा खेळ निघाला आणि परग्रहाची भूमी घरी रचण्याचा छंद जगभर पसरला.

कल्पित ग्रह म्हटला की पुष्कळजण सुळक्यांमागून सुळके उभे करतात. निसर्ग मात्र अधिक विचारी आहे. मंगळावरचा ऑलिंपस हा ज्वालामुखी सुमारे बावीस किलोमीटर उंच आहे, पण त्याचे उतार इतके सौम्य आहेत की त्यावरून चालणाऱ्याला आपण पर्वत चढतो आहोत हे जाणवूही नये. कोरडी वाळू ओतली तर तिचा ढीग साधारण चौतीस अंशांच्या वर उभा राहत नाही. चंद्रावर हवा नाही, म्हणून तेथे वाऱ्याने कोरलेले खडक दाखविणे चूक. आणि आपल्याला आदर्श शोधायला दूर जाण्याचेही कारण नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर उल्कापाताने काळ्या बेसाल्टमध्ये झाले आहे. चंद्रावरचे काळसर डागही बेसाल्टचेच आहेत. सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे ज्याने पाहिले आहेत, त्याला लाव्हाच्या थरांचा ग्रह रचणे जड जाऊ नये.

येथे प्रमाणाचा प्रश्न उभा राहतो. अठ्ठावीस मिलिमीटर उंचीचा शिपाई म्हणजे माणसाचा सुमारे साठावा हिस्सा. त्याच मापाने लोणारचे विवर करायचे म्हटले तर ते तीस मीटर रुंद होईल. त्याला दिवाणखाना पुरणार नाही, शाळेचे पटांगण लागेल. म्हणून शिपाई एका मापाचा आणि भूमी दुसऱ्या मापाची, अशी तडजोड करावी लागते. सायबर्ननेही उंचीचे माप लांबीरुंदीहून मोठे धरले होते. आणि आपल्या किल्ल्यावर महाराज बुरुजाहून उंच असतात, ते तरी कोणत्या पट्टीने? तेथे माप आदराचे आहे.

साहित्यासाठी फार खर्च नको. लखनौत चहा पिऊन फेकलेले कुल्हड उपडे मांडले की पाण्याच्या टाक्या आणि मनोरे होतात. त्यांच्या खापऱ्यांचे खडक होतात. औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे म्हणजे घुमटांची रांग, संपलेल्या लेखणीच्या कांड्या म्हणजे नळ. पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून डोंगर करावा आणि प्रत्येक थर थोडा आत घ्यावा, म्हणजे पायऱ्यांवर शिपाई उभे राहतील. त्यावर खळीत भिजविलेले वर्तमानपत्राचे तुकडे आणि मग चाळलेली वाळू. थर्मोकोल वापरायचा असेल तर तेलात कालविलेला किंवा फवाऱ्याचा रंग त्यावर थेट देऊ नये, तो विरघळतो; आधी डिंकमिश्रित पाणरंगाचा हात द्यावा. थर्मोकोल तापल्या तारेने कापताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण तो धूर अपायकारक असतो. रंगविताना प्रथम सर्वत्र गडद रंग द्यावा. तो वाळला की फिकट रंगाचा कुंचला कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करावा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. प्रकाश जेथे पडतो तेथेच रंग लागतो, आणि कालपर्यंत पुठ्ठा असलेली वस्तू आज दगड दिसू लागते.

नुसती शोभा मात्र पुरेशी नाही. या भूमीवर खेळ व्हायचा असतो. उघडे मैदान ठेवले तर दूर मारा करणाराच जिंकतो आणि सारा पट भरून टाकला तर कोणाला हलता येत नाही. पटाचा चौथा ते तिसरा हिस्सा अडथळ्यांनी व्यापावा, वाटा शिपायाच्या बैठकीहून रुंद ठेवाव्यात आणि प्रत्येक आडोशाला एक उघडी बाजू असावी. न्यायासाठी एक साधा नियम आहे. एकाने भूमी मांडावी आणि बाजू दुसऱ्याने निवडावी. वडी कापणाऱ्या भावाला शेवटचा तुकडा घ्यायला लावणारी आई हाच नियम वापरते.

यावर दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला असा, की किल्ल्यामागे इतिहासाची स्मृती आहे, परग्रहामागे काय आहे? आक्षेप खरा आहे, पण अपुरा. स्मृती विकत मिळत नाही. हल्ली बाजारात प्लास्टरचे रंगविलेले किल्ले तयार मिळतात. ते आणून ठेवणाऱ्या मुलाला दरवाजा का लपवावा याचा विचार कधीच करावा लागत नाही. उलट पुठ्ठ्याचा मंगळ स्वतः रचणारे मूल उतार, आडोसा आणि वाट यांचा विचार करते. तेच मूल उद्या राजगडावर गेले तर संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी अधिक डोळसपणे पाहील. तंटा जुन्या आणि नव्या खेळाचा नाही. हाताने केलेले आणि आयते आणलेले, यांतील निवडीचा तो आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. युद्धाचा खेळ करावा काय? वेल्सने आपल्या पुस्तकात हाच प्रश्न स्वतःला घातला होता. खेळातली लढाई रक्ताशिवाय संपते आणि खरी लढाई किती मोठी व मूर्ख चूक आहे हे तिच्यामुळे उमगते, अशी त्याची भूमिका होती. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, तेव्हा या औषधाचा गुण मर्यादित आहे हेही कबूल केले पाहिजे. तथापि एक गोष्ट मला खरी वाटते. ज्याने आठवडाभर खपून एक इवलेसे गाव उभे केले आहे, त्याच्या विहिरीला काठ आणि घराला दार बसविले आहे, त्याला ते तोफेखाली पडताना पाहवत नाही. गाव उभारायला लागणारा वेळ त्याच्या बोटांनी मोजलेला असतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना अंगण नाही, लाल माती नाही, ही अडचण असतेच. तेथे सज्जातील एक पाट, चार विटा आणि गोमतीची किंवा जी नदी जवळ असेल तिची वाळू पुरते. दिवाळीला त्यावर किल्ला व्हावा. सण उलटला, अळीव सुकले, की त्याच पाटावर चंद्राचे विवर व्हावे. वडिलांनी माती कालवावी, आजोबांनी माचीचे नाव सांगावे आणि दरवाजा कोठे ठेवायचा ते मात्र मुलावर सोडावे.