‘लिली’ नावाचा घोटाळा

दोन वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाच्या रात्री चिंचवडमधल्या आमच्या शेजाऱ्यांच्या मांजराला उलट्या झाल्या. ‘लिली विषारी असते’ एवढे कुणीतरी ऐकले होते. म्हणून पीस लिलीची कुंडी जिन्यात नेऊन ठेवली. सकाळी मांजर शांत झाले, घरच्यांना हायसे वाटले. भाऊबीजेला पशुवैद्यांनी सांगितले, मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. मांजर वाचले नाही. खरी लिली दिवाणखान्यातच होती, चाकणच्या कारखान्यातून दिवाळीनिमित्त आलेल्या पुष्पगुच्छात.

हा घोटाळा नावाचा आहे. पीस लिली अळूच्या कुळातली. कच्च्या अळूने घसा खाजतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. तेच मनी प्लांट आणि डिफेनबेकियातही असतात. मांजराच्या तोंडाची आग होते, लाळ गळते, पण जीव सहसा जात नाही. फुटबॉल लिली आणि रेन लिली नागदवण्याच्या कुळातल्या. त्यांच्या कंदात लायकोरिन असते. त्याने उलट्या होतात.

गुच्छातली एशियाटिक किंवा ओरिएंटल लिली म्हणजे ‘लिलियम’. ती आणि बागेतली डे लिली मांजराच्या मूत्रपिंडांवरच घाला घालतात. पान, पाकळी, पराग, फुलदाणीतले पाणीसुद्धा घातक. अंगावर सांडलेला पराग मांजर चाटून साफ करते, तेवढाही पुरतो. यावर उतारा नाही. साधारण अठरा तासांच्या आत शिरेतून सलाइन सुरू झाले, तर मांजर वाचण्याची आशा बरीच असते. आधी उलट्या, मग बरे वाटल्यासारखी शांतता, आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी; ही मधली शांतताच फसवते.

मग झाडे लावायचीच नाहीत का? तसे नाही. कन्हेर, बिट्टी, पानफुटी, कलांचो (चौघांचेही विष हृदयावर जाते), कळलावी आणि यकृत बिघडवणारा सायकस, ही झाडे मांजर जाणार नाही अशा कुंपणाआड लावावीत. फ्लॅटच्या बाल्कनीत टांगलेली कुंडी सुरक्षित नसते; मांजर चढते आणि पान खाली गळतेच. कबुतरांसाठी लावलेल्या जाळीमुळे मांजर बाहेर जात नाही, पण त्यामुळेच चघळायला त्याला आपल्या कुंड्यांखेरीज दुसरे काही उरत नाही. एका पसरट कुंडीत गहू पेरावेत. आठवडाभरात कोवळी पाती येतात. फुलांची हौस गुलाब आणि जरबेरा भागवतात. दोन्ही आपल्या मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये पिकतात आणि मांजराला विषारी नाहीत.

झाड घेताना रोपवाटिकेत त्याचे शास्त्रीय नाव विचारावे आणि ते कुंडीवर लिहून ठेवावे. यंदा घरी गुच्छ आला, तर फुलदाणीत पाणी भरण्याआधी त्यात कोणती फुले आहेत ते पाहावे. लिलियम असेल तर मांजर नसलेल्या घरी द्यावे.