मुकी फळी

गेल्या पावसाळ्यात माझ्या जुन्या गाडीच्या मागच्या दारांतले दोन्ही स्पीकर फाटले. फाटले हा शब्द अलंकार म्हणून वापरलेला नाही. स्पीकरच्या पडद्याभोवती एक लवचीक पट्टी असते. ती ऊन-पावसानं कुजते, तिला चीर पडते आणि मग कुणीही गायलं तरी घशात माशाचा काटा अडकल्यासारखं ऐकू येतं. मी बाजारात गेलो, पाच इंचीच्या जागी चांगले साडेसहा इंची स्पीकर पसंत केले आणि दुकानातल्या पोरानं अर्ध्या तासात ते बसवूनही दिले.

मागच्या सीटवर माझी अम्मी बसते. वय ऐंशीच्या पुढं, गुडघे दुखतात, म्हणून आडवे पाय सोडून बसायची तिची जागा ठरलेली. आम्ही मिरजेहून सोलापूरला बहिणीकडं निघालो होतो. ज्या सांगली केंद्रावरून मी आज बोलतोय, तिथंच अब्बांनी कधीकाळी कविता वाचल्या होत्या. घरच्या टेपवर धरलेलं ते वाचन भाच्यानं पेन ड्राइव्हवर घालून दिलं होतं. नवे स्पीकर, म्हणून कौतुकानं मी ते लावलं. अम्मी दोन मिनिटं ऐकत राहिली आणि म्हणाली, "ये उनकी आवाज नै रे."

शब्द तर सगळे कळत होते. कळत नव्हतं ते अब्बांचं खर्जातलं बोलणं. कुणीतरी टिनाच्या डब्यात तोंड घालून त्यांच्या कविता वाचतोय, असं वाटत होतं. पैसे नव्या स्पीकरचे गेले आणि माणूस मात्र जुन्या फाटक्या स्पीकरमध्येच राहिला!

का झालं असं? स्पीकरचा पडदा पुढं सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणी पाठीमागची हवा विरळ होते. म्हणजे प्रत्येक स्पीकर एकाच वेळी दोन आवाज काढत असतो, एक पुढं, एक मागं, आणि ते एकमेकांच्या बरोबर उलट असतात. दोघांची गाठ पडली की ते एकमेकांना खाऊन टाकतात. पण सगळे सूर सारखे खाल्ले जात नाहीत. पुरुषाच्या बोलण्याचा पाया साधारण सेकंदाला शंभर-सव्वाशे कंपनांचा. शंभर कंपनांची लाट हवेत अकरा फुटांहून लांब असते. तिच्या लेखी स्पीकरच्या कडेला वळसा घालायचे चार इंच म्हणजे काहीच नाही, त्यामुळं मागची लाट पुढच्या लाटेला गाठते आणि पुसून टाकते. 'स', 'च' यांसारख्या अक्षरांच्या लाटा मात्र इंच-दोन इंचांच्या, त्या बहुतेक वाचतात. अक्षरं शिल्लक राहतात, छाती जाते.

हे घरी पाहता येईल. जुना सुटा स्पीकर हातात धरून वाजवा, मच्छरासारखा वाजेल. मग दोन फुटी पुठ्ठ्याला त्याच्या मापाचं भोक पाडा आणि त्यावर तो घट्ट दाबून धरा. पुठ्ठ्यानं फक्त पुढचं आणि मागचं वेगळं केलं, तरी आवाजाला एकदम पोट येतं. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी 1925 साली आजच्या पद्धतीच्या स्पीकरवर निबंध प्रसिद्ध केला, त्यात या आडोशाचाही विचार आहे. तेव्हा गोष्ट नवी नाही. आपणच ती विसरतो, कारण स्पीकर दिसतो आणि आडोसा दाराच्या आत असतो.

दार उघडून पाहिलं. दुकानातल्या पोरानं पत्र्याच्या दोन पट्ट्या आडव्या टाकून त्यांवर स्पीकर लटकवला होता. चारपैकी तीनच स्क्रू. भोवती बोट जाईल एवढी फट. त्या पोराला तरी काय बोलणार? नव्या स्पीकरची भोकं जुन्या जागेशी जुळतच नाहीत. प्रत्येक गाडीचा पत्रा वेगळा, तेव्हा मधलं कडं ज्याचं त्यानं करून घ्यायचं.

माझ्या शेजारी सतार-तंबोरे करणारे एक कारागीर आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या परंपरेतले. त्यांना चाचा म्हणतो. मला वाटलं, लाकडाची गोष्ट, चाचांकडं तबलीचा एखादा उरलेला तुकडा असेलच. त्यांनी ऐकून घेतलं आणि तुकडा द्यायला साफ नकार दिला. म्हणाले, "तबली बोलायला पाहिजे म्हणून आम्ही ती पातळ करतो. तुझी फळी बोलली तर घोटाळा होईल. तुला मुकी फळी पाहिजे." मग त्यांनी तबलीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, ती गुणगुणली. तसंच जाड प्लायवर केलं. नुसतं 'ठक्'. "ही घे."

ते प्लायवूड होतं 18 मिलिमीटरचं, मरीन दर्जाचं, ज्यावर आय.एस. 710 असा शिक्का असतो. एमडीएफ कापायला लोण्यासारखं, म्हणून बरेच जण तेच घेतात. पण दाराच्या आत पाऊस येतो हे लक्षात ठेवा. काचेवरून ओघळलेलं पाणी रबराच्या पट्टीतून आत जातं आणि दाराच्या तळाच्या छिद्रांतून बाहेर पडतं. तिथं साधं एमडीएफ पाण्यातल्या पावासारखं फुगतं. स्वयंपाकघरात भाजी चिरायचे जाड पांढरे प्लास्टिकचे पाट असतात, त्याचंही कडं छान होतं, पाण्याचं भय नाही. फक्त त्याला रंग आणि डिंक धरत नाही.

खरं काम मापाचं. काच पूर्ण खाली घ्यायची आणि पत्र्यापासून काचेपर्यंतचं अंतर मोजायचं. माझ्या गाडीत ते 48 मिलिमीटर भरलं, आणि नव्या स्पीकरची खोली होती 60. म्हणजे पत्र्याला टेकवून बसवला असता तर काच खाली येताना लोहचुंबकावर आपटली असती. 18 चं कडं घातल्यावर 66 मिळाले, सहा मोकळे. पण पुढचीही बाजू बघावी लागते, नाहीतर दाराचं पॅड परत बसत नाही. तिथं 28 ची जागा होती, कडं आणि स्पीकरची कोर मिळून 24. उरलेले चार पडद्याला हलायला ठेवले. ही मापं माझ्या दाराची, तुमची तुम्हीच घ्यायची.

पत्र्यावर जाड कागद धरून पेन्सिल घासली की भोकांचा ठसा उमटतो. तो पुठ्ठ्यावर चिकटवून कापला, दारात बसतो का पाहिलं, मग प्लायवर आखला. जिगसॉनं आतलं भोक आधी कापायचं. फळी मोठी असते तेव्हा ती धरता येते. बाहेरची कड आधी कापलीत तर ते कडं हातात मासळीसारखं सळसळतं. मी एक तसं वाया घालवलं. आतल्या भोकाची मागची कड कानशीनं तिरपी करायची, नाहीतर जाड लाकडाच्या विहिरीत पडद्याला श्वास घेता येत नाही. मग वॉर्निशचे दोन हात, आणि कापलेल्या कडांना तिसरा. प्लाय पाणी पितं ते कडेनंच.

जुने रिबीट ड्रिलनं उडवताना नवा स्पीकर दूर ठेवा. लोखंडाचा कीस लोहचुंबकाला चिकटला की पडद्यामागं जाऊन आयुष्यभर खरखरत राहतो. कडं पत्र्याला नट-बोल्टनं आवळायचं, स्पीकर कड्याला स्क्रूनं, समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीनं पिळत. दोन्ही सांध्यांत फोमची पट्टी. पॅडच्या मागं प्लास्टिकचा कागद असतो तो फेकू नका, पाणी अडवतो तोच. आणि तळाची छिद्रं बुजवू नका. अगदी नव्या गाड्यांच्या दारांत एअरबॅगचे सेन्सर असू शकतात. तिथं ड्रिल हातात घेण्याआधी माहीतगाराला विचारलेलं बरं.

एवढं करूनही अब्बा परत आले नाहीत! तेव्हा घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घेतला. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला क्षणभर लावलं की पडदा बाहेर यायला हवा. दारापर्यंत आलेल्या तारांवर लावून पाहिलं तर उजवा बाहेर आला, डावा आत गेला. म्हणजे एका दारात तार उलटी जोडलेली. एक स्पीकर हवा ढकलतोय, दुसरा ओढतोय, आणि मधोमध बसलेल्या म्हातारीच्या कानापाशी खर्ज पुन्हा पुसला जातोय. दोन तारांची अदलाबदल केली. पाच मिनिटांचं काम.

पुढच्या महिन्यात पुन्हा सोलापूरला निघालो. सांगोला मागं पडलं, मंगळवेढा आलं. तंबोऱ्याचे भोपळे याच भागातून मिरजेला येतात. मी काही न बोलता अब्बांचं वाचन लावलं. आरशात बघितलं तर अम्मीचे डोळे मिटलेले. झोपली असं समजून मी आवाज कमी करायला गेलो, तर मागून शब्द आला, "रहने दे." आणि थोड्या वेळानं, "पन्ना उलटने से पहले खाँसते थे, सुना?"

मी शेकडो वेळा ऐकलं असेल ते वाचन. खोकला पहिल्यांदाच ऐकला.

डाव्या दारात अजून कुलपाची सळी वाजते, गाडी साठच्या पुढं गेली की. अब्बांचा 'म' तेवढा कंप पावतो. तिला फोमचा तुकडा गुंडाळायचा आहे. या रविवारी पॅड उघडीन म्हणतो.