डाउनलोड केलेलं गाणं फोटोंना का लागत नाही?

कर्जत-खालापुरात हळदीच्या मांडवात घरीच केलेला फोटोंचा स्लाइड शो लावायचा, तर गाणं हवंच. पण स्पॉटिफायवर डाउनलोड केलेलं गाणं व्हिडिओ बनवण्याच्या अ‍ॅपला सापडत नाही. दोष मोबाइलचा नाही. ती फाइल कुलूपबंद असते, त्याच अ‍ॅपमध्ये वाजते आणि ३० दिवसांत एकदाही इंटरनेट जोडलं नाही, तर तिथेही बंद पडते. वर्गणीत मिळते ती ऐकण्याची मुभा, गाणं नव्हे. ‘पैसे भरले, मग माझंच ना?’ हा सवाल रास्त असला, तरी उत्तर ‘नाही’ असंच आहे.

‘लग्नात कायदा आडवा येत नाही’ हे मात्र निम्मं खरं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ लग्नसमारंभात गाणी वाजवायला सूट देतं. केंद्राने २४ जुलै २०२३ला ते पुन्हा स्पष्ट केलं. तोच स्लाइड शो यूट्यूबवर चढवला, की ही सूट पुरत नाही. तिथली यंत्रणा गाणं ओळखून व्हिडिओ अडवू शकते. त्यापेक्षा आगरी लग्नातले धवले, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी, किती जवळचे! ते गाणाऱ्या धवलारणीला विचारून, तिच्या आवाजात ते मोबाइलवर रेकॉर्ड करा. ती फाइल तुमच्या स्लाइड शोला बिनतक्रार लागेल.