शेअर विभाजन : खरेदी आधी करावी की नंतर?

शेअर विभाजन म्हणजे एका शेअरचे ठरावीक प्रमाणात अनेक शेअर करणे. १० रुपये दर्शनी किमतीचा एक शेअर फोडून २ रुपये दर्शनी किमतीचे पाच केले, की भागधारकाकडील शेअरची संख्या पाचपट होते आणि बाजारभाव साधारण एक पंचमांशावर येतो. कंपनीचा नफा, कर्ज, कारखाने यांत तसूभरही फरक पडत नाही. मंगरूळपीरच्या बाजार समितीत तुरीचा भाव क्विंटलवर बोलला जातो. तो ७,००० रुपये असेल, तर किलोला ७० रुपये पडतात. पण किलोचा आकडा ऐकून तूर स्वस्त झाली असे कोणी शेतकरी म्हणत नाही. शेअरच्या बाबतीत मात्र हीच गल्लत नेहमी होते.

कंपन्या विभाजन करतात ते मुख्यतः भाव आवाक्यात आणण्यासाठी. भारतीय शेअर बाजारात रोखीच्या व्यवहारात किमान एक अख्खा शेअर घ्यावा लागतो. ज्याच्याकडे महिन्याला ५,००० रुपये आहेत, त्याला ९,००० रुपयांचा शेअर घेताच येत नाही. भाव ९०० झाला की तोच माणूस पाच शेअर घेऊ शकतो. खरेदीदार वाढले की उलाढाल वाढते आणि विकणाऱ्यालाही गिऱ्हाईक लवकर मिळते. दर्शनी किंमत किती ठेवायची, हे ठरवण्याची मोकळीक सेबीने १९९९ मध्ये कंपन्यांना दिली; ती १ रुपयाखाली मात्र नेता येत नाही. त्यामुळे १ रुपया दर्शनी किमतीच्या शेअरचे पुढे विभाजन होत नाही. तेथून पुढे संख्या वाढवायची तर बक्षीस शेअर, म्हणजे बोनस, हाच मार्ग उरतो. बोनसमध्ये दर्शनी किंमत तीच राहते आणि कंपनीच्या गंगाजळीतील रक्कम भागभांडवलात वळवली जाते. भावाचा हिशेब मात्र दोन्हीकडे सारखाच बसतो.

पुण्याच्या बजाज फायनान्सने २०२५ मध्ये दोन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या. २ रुपयांच्या एका शेअरचे १ रुपयाचे दोन झाले आणि त्या प्रत्येकावर चार बोनस शेअर मिळाले, एकाचे दहा. रेकॉर्ड डेट, म्हणजे भागधारकांची यादी पक्की करण्याचा दिवस, १६ जून हा सोमवार होता. भारतात खरेदीचा व्यवहार लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी पुरा होतो, म्हणून यादीत येण्यासाठी शुक्रवार, १३ जूनपर्यंत खरेदी आवश्यक होती. शुक्रवारी नऊ हजारांच्या पुढे असलेला भाव सोमवारी नऊशेच्या पुढे दिसू लागला. शुक्रवारी ज्याने एक शेअर घेतला त्याचे दहा झाले; सोमवारी जवळपास तेवढ्याच पैशांत दहा शेअरच मिळाले. रेकॉर्ड डेट गाठली म्हणून कोणाचा फायदा झाला नाही आणि चुकली म्हणून तोटाही झाला नाही.

‘आधी’ या शब्दात दोन वेगळे काळ दडलेले असतात. पहिला, घोषणेच्या आधीचा. विभाजनाशी जोडली जाणारी भाववाढ बहुतांशी याच काळात होऊन गेलेली असते. फामा, फिशर, जेन्सन आणि रोल या चार अभ्यासकांनी न्यूयॉर्क शेअर बाजारातील १९२७ ते १९५९ या काळातील ९४० विभाजने तपासली. त्यांचा निबंध १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. विभाजनापूर्वीच्या महिन्यांत हे शेअर बाजारापेक्षा जास्त वाढले होते. नंतर सरासरी काही जादा हाती लागले नाही. भाव चढल्यामुळे कंपनी विभाजन करते. विभाजन केल्यामुळे भाव चढला असे नव्हे. १९९६ च्या एका अमेरिकी अभ्यासात मात्र एकाचे दोन झालेल्या शेअरना पुढच्या वर्षात सरासरी सुमारे ८ टक्के जादा परतावा मिळाल्याचे आढळले. त्याचा अर्थ असा लावला गेला, की पुढच्या कमाईची खात्री असलेली व्यवस्थापनेच विभाजन करतात आणि बाजाराला हा इशारा उशिरा कळतो. ही सरासरी आहे; एखाद्या कंपनीची हमी तिच्यातून मिळत नाही.

दुसरा काळ घोषणा ते रेकॉर्ड डेट यांमधला. या दिवसांत ‘एकाचे पाच मिळणार’ या ओढीने खरेदी वाढते आणि भाव कधी कधी उगाच फुगतो. अशा वेळी घाईने घेणारा तोच शेअर महाग घेऊन बसतो.

विभाजन आणि संपत्ती यांचे नाते पाहायचे तर जळगाव जिल्ह्यातील अमळनेरकडे पाहावे. १९४५ मध्ये येथे वनस्पती तुपाची कंपनी म्हणून विप्रो सुरू झाली आणि गावातील अनेक कुटुंबांनी तिचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. १९९९ मध्ये १० रुपयांच्या शेअरचे २ रुपयांचे पाच झाले. त्याआधी कोणाकडे तीन शेअर असतील, तर त्यांचे १५ झाले. पुढे बोनसने २००४ मध्ये ४५, २००५ मध्ये ९०, २०१० मध्ये १५०, २०१७ मध्ये ३००, २०१९ मध्ये ४०० आणि २०२४ मध्ये ८०० झाले. पण संख्या वाढली म्हणून कोणी श्रीमंत झाले नाही. तूप-साबणाच्या कंपनीने संगणक क्षेत्रात पाय रोवले आणि नफा वाढत गेला, म्हणून त्या प्रत्येक शेअरला मोल आले. १९९९ चे विभाजन झालेच नसते, तर शेअर पाचपट कमी आणि भाव पाचपट जास्त, एवढाच फरक पडला असता.

विभाजनानंतर काही व्यावहारिक बाबी ध्यानात ठेवाव्या लागतात. दर्शनी किंमत बदलली की शेअरचा आयएसआयएन हा ओळख क्रमांकही बदलतो. नवे शेअर डीमॅट खात्यात दिसेपर्यंत मोबाईलवर जुनी संख्या आणि नवा भाव दिसून मोठा तोटा झाल्यासारखे वाटते. तो खरा नसतो. लाभांश दर्शनी किमतीच्या टक्क्यांत जाहीर झाला, तर १० रुपयांवर १०० टक्के म्हणजे १० रुपये आणि २ रुपयांवर १०० टक्के म्हणजे २ रुपये. शेअर पाच असल्याने बेरीज तीच. प्राप्तिकरासाठी विभाजित शेअरची खरेदीची तारीख मूळचीच धरतात आणि मूळ किंमत नव्या संख्येत विभागतात. बोनस शेअरची तारीख मात्र ते मिळाल्या दिवसाची आणि खरेदी किंमत शून्य असते.

खरेदीचा निर्णय कंपनीच्या कमाईवर घ्यावा. ३,००० रुपये भाव आणि प्रति शेअर १०० रुपये मिळकत असलेला शेअर कमाईच्या ३० पट महाग असतो. पाच तुकडे झाल्यावर ६०० रुपये भावाला २० रुपये मिळकत, म्हणजे पुन्हा ३० पटच. हे प्रमाण पटत असेल आणि हाती पुरेशी रक्कम असेल, तर विभाजनासाठी थांबण्याचे कारण नाही. रक्कम एका शेअरलाही पुरत नसेल, तर विभाजनानंतर घेणे सोयीचे. आणि हे प्रमाण पटतच नसेल, तर विभाजनाच्या आधी काय नि नंतर काय, तो शेअर महागच.