रस्ता वर गेला, उंबरा खाली राहिला

हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडे द्या. आज बचतीचा आणि हप्त्याचा विषय नाही. आज बोलायचंय गल्लीतल्या रस्त्याबद्दल आणि त्या रस्त्याला लागून असलेल्या आपल्या घराबद्दल.

माझ्या सासरच्या घराला दोन पायऱ्या होत्या. लग्न होऊन आले तेव्हा माप ओलांडायच्या आधी त्या दोन पायऱ्या चढले होते, म्हणून पक्कं आठवतं. आज त्याच घरात शिरायचं तर एक पायरी उतरावी लागते. घर खचलेलं नाही, रस्ता वर आलाय. आधी खडी-मुरूम पडला, त्यावर सहा इंच काँक्रीट आलं. काही वर्षांनी ते फुटलं, तर ते न उखडता त्यावरच दुसरं सहा इंच ओतलं. असा दीड फूट रस्ता चढला. पहिल्याच मोठ्या पावसात गल्लीचं पाणी घरात शिरलं. पिठाचा डबा, अंथरुणं, पोरांची दप्तरं, सगळं भिजलं. सासूबाईंनी उंबऱ्यापुढे सिमेंटचा आडवा बांध घालून घेतला, तो अजून आहे, आणि दर पावसाळ्यात मी त्याला एकदा तरी ठेचकाळते.

हे काम ग्रामसभेच्या ठरावानं झालं होतं आणि त्या वहीत माझी सही आहे. वही दारात आली, रस्ता होतोय म्हटल्यावर मी सही केली. किती उंच होणार, पाणी कुठे जाणार, हे विचारलं नाही. तेव्हा हे सुचलंच नव्हतं.

परवा आमच्या प्रभागातल्या एका गावात महिला सभेला गेले होते. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत चौथा विषय होता, वस्तीतल्या गल्लीचं काँक्रिटीकरण. पाचवा विषय, घरकुल लाभार्थ्यांच्या जागा. चौथ्याला सगळ्यांनी माना डोलावल्या, पाचव्याला चर्चा सुरू झाली. तेवढ्यात आमच्या गटातल्या एक मावशी उठल्या. त्या एकट्या राहतात, यजमान वारलेत. त्या म्हणाल्या, "चौथ्या विषयात रस्ता दहा फूट करायचं ठरलं, आणि दोन्ही बाजूंनी तीन-तीन फूट मोकळं सोडायचं ठरलं, तर पाचव्या विषयातलं माझं घर बसंल कुठं?"

सगळे गप्प झाले. मग आम्ही खडूनं जमिनीवरच आकृती काढली. मावशींची जागा पंधरा फूट रुंद आणि वीस फूट लांब, म्हणजे ३०० चौरस फूट. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला कमीत कमी २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फुटांचं घर लागतं, स्वयंपाकाच्या जागेसह. समोरून तीन फूट सोडले की उरतात पंधरा गुणिले सतरा, म्हणजे २५५. घर बसत नाही. दोन फूट सोडले तर २७०, जेमतेम. भिंतींची जाडी तर यात धरलेलीच नाही. मैदानी भागात या घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात. एका फुटासाठी ते मावशींच्या हातून जाणार होते. त्यांच्या वाईटावर कुणीच नव्हतं, सरपंचताई तर स्वतः त्यांच्या शेजारच्या. फक्त रस्त्याचा कागद वेगळ्या फाइलीत होता आणि घराचा वेगळ्या, आणि दोन्ही शेजारी ठेवून कुणी बघितले नव्हते.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, की रस्त्याचं अंदाजपत्रक आणि घरांच्या जागा एकाच बैठकीत, एकत्र बघायला लावा.

अंदाजपत्रक म्हणजे ज्याला सगळे इस्टिमेट म्हणतात ते. इंजिनीअर साहेब ते सरकारी दरसूचीवरून बनवतात. कागद इंग्रजी-मराठी मिसळलेला असतो, बघूनच घाम फुटतो. पण त्यातला गाभा आपल्या पिठाच्या हिशोबासारखाच आहे. लांबी, रुंदी, जाडी. तीनशे फूट लांब, दहा फूट रुंद, अर्धा फूट जाड. गुणाकार केला की १५०० घनफूट. शंभर घनफुटाला एक ब्रास, म्हणजे १५ ब्रास काँक्रीट. वाळू-खडीचा ब्रास आपण घर बांधताना मोजतोच, तोच हा.

आता समजा कागदावर सहा इंच आहे आणि प्रत्यक्षात चारच इंच ओतलं. तीनशे गुणिले दहा, भागिले तीन. १००० घनफूट, १० ब्रास. पाच ब्रास कमी पडले. वरून बघणाऱ्याला रस्ता तसाच गुळगुळीत दिसतो. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी असं प्रमाण धरलं, तर पाच ब्रासला शंभराच्या वर सिमेंटची पोती लागतात. ती पोती कुठे गेली, हे काँक्रीट सुकल्यावर विचारून उपयोग नाही. जाडी बघायची ती ओतण्याच्या आधी, कडेला लोखंडी पाट्या लावतात तेव्हा. पाटीची उंची टेपनं मोजा, आणि मध्ये खालची जमीन फुगीर ठेवलेली नाही ना, तेही दोरी ताणून बघा. कडेला सहा इंच आणि मध्ये तीन, असंही असतं. ओतून झाल्यावर गोणपाट टाकून किंवा छोटे वाफे करून निदान दोन आठवडे पाणी धरून ठेवायला पाहिजे. हे काम बहुतेकदा आपल्याच दारात, आपल्याच हंड्यानं होतं. ठेकेदारानं करायचं काम आहे ते, हेही लक्षात असू द्या.

झालेल्या कामाची मोजमाप पुस्तिका असते, तिला एमबी म्हणतात. तिच्यावरून बिल निघतं. अंदाजपत्रक आणि एमबीची नक्कल मागता येते. भाऊसाहेब तोंडी विचारल्यावर दाखवतात का बघा, बरेच जण दाखवतात. नाही दाखवली, तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. अर्जाला १० रुपये, नकलेला पानामागे २ रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला अर्जाची फी माफ. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे, त्यामुळे काम सुरू झाल्यावर नाही, आधीच अर्ज टाका.

आता खर्चाची गोष्ट. सरपंचताईंची बाजूही खरी आहे. जुना थर उखडायचा तर मशिनचं भाडं लागतं, राडारोडा कुठे टाकायचा हा प्रश्न येतो, वर गटार करायचं तर खर्च आणखी वाढतो. तेवढ्याच पैशात तीनशे फुटांचा रस्ता दोनशे फुटांवर येतो. मग उरलेल्या शंभर फुटांतली घरं म्हणणार, आमचंच का राहिलं? मतंही त्या शंभर फुटांत असतात, हे आपण मोकळेपणी बोलू. तरीही माझं मत विचाराल, तर दोनशे फूट करा पण उखडून आणि गटारासह करा. उरलेलं पुढच्या वर्षीच्या आराखड्यात पहिल्या क्रमांकावर घ्या आणि तसं ठरावात लिहून घ्या. गटाराशिवाय तीनशे फूट केला तर तो रस्ता म्हणजे तीनशे फुटांचा पाट होतो, आणि पाटाचं पाणी खालच्या घरात जातं. खालची घरं कुणाची असतात, ते तुम्हाला माहीत आहे.

शिवाय सगळा पैसा एकाच पिशवीतून येत नाही. १५व्या वित्त आयोगाच्या निधीचं घ्या. त्यात ६० टक्के पैसा बंधित होता, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यासाठीच खर्च करायचा. ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे. रस्ता अबंधितमधून येतो. पण सांडपाण्याचं काम स्वच्छतेत बसतं. म्हणजे गटाराचा सगळा बोजा रस्त्याच्या पैशावर टाकायची गरज नाही. परवाच्या सभेत हे मी सांगितलं, तर भाऊसाहेबच म्हणाले, "ताई, बसवता येईल, पण तसा ठराव पाहिजे." ठराव आपणच करायचा असतो.

घर बांधणाऱ्यांसाठीही एक सांगते. घरकुलाचं जोतं आजच्या रस्त्यापासून मोजू नका. रस्ता होणार असेल तर त्याची शेवटची उंची इंजिनीअर साहेबांकडून भिंतीवर खूण करून घ्या आणि त्या खुणेच्या वर दीड-दोन फूट जोतं धरा. आणि गावठाणातल्या बांधकामाला ग्रामपंचायतीची परवानगी लागते, कायद्याचं ५२ वं कलम आहे तसं. परवानगीच्या नकाशावर रस्त्याची रुंदी लिहिलेली असेल तर उद्या कुणी तीनाचे चार फूट मागू शकत नाही.

नमुना ८ वर तुमचं नाव आहे का, तेही बघा. घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावायचा शासनाचा निर्णय २००३ चा आहे. बऱ्याच घरांत अजून एकच नाव दिसतं. नमुना ८ ही कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही, पण मोजणीला माणूस आला की तो तिथलंच नाव पुकारतो. नाव यजमानांचं आणि ते ऊसतोडीला गेलेले, मग खुणा कुठे पडल्या ते बाईला कुणी सांगत नाही.

ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातली कमी असेल ती संख्या लागते. तेवढी जमली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला संख्येची अटच नसते. पंधरा-वीस जण बसून तेच विषय मंजूर करू शकतात. "आज सभा झाली नाही" असं कुणी सांगितलं की निवांत घरी जाऊ नका, पुढची तारीख विचारून घ्या. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, ती कागदावर होऊ देऊ नका.

मावशींच्या गावात काय झालं ते सांगते. महिला सभेनं लिहून दिलं, की घरकुलाच्या जागा आहेत त्या टप्प्यात रस्ता आहे तेवढाच रुंद ठेवावा, जुना थर उखडावा, आणि गटार एकाच बाजूनं पण झाकलेलं करावं, म्हणजे झाकणावरून चालता येतं आणि दारापुढची जागा वाया जात नाही. पुरुष मंडळींपैकी काहींना ते पटलेलं नाही. ट्रॅक्टर कसा वळणार, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ट्रॉली भरलेली असेल तर ते म्हणणं खोटंही नाही. वळणावरची एक पडकी भिंत मागे घेता येईल का, हे बघायला परवा सकाळी नऊला सगळे तिथे जमणार आहेत. मोठा टेप गटाकडे आहे, तो मी घेऊन जाते. दोरी आणि चुना मावशी आणणार आहेत.