डीएएफ टाकीचे आकारमान : पूर्व कोलकात्याच्या पाणथळीच्या संदर्भात

पार्श्वभूमी

कोलकात्याचे सॉल्ट लेक हे उपनगर १९६० च्या दशकात खाऱ्या तलावांच्या जागेवर हुगळी नदीचा गाळ पंपाने टाकून उभे राहिले. पलीकडची उरलेली पाणथळ आजही शहराचे सांडपाणी सामावून घेते. 'भेडी' नावाच्या उथळ तळ्यांत ऊन, शेवाळ आणि जिवाणू ते पाणी स्वच्छ करतात व त्यावर मासे वाढतात. सुमारे १२,५०० हेक्टरच्या या प्रदेशाला २००२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

टांगरा, तिलजला, तोपसिया या भागांत कातडी कमावण्याचे पाचशेहून अधिक कारखाने होते. १९ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते हलवण्याचा आदेश दिला. नवे चर्मसंकुल पाणथळीच्या कडेला, बानतला येथे झाले. कातड्याच्या आतील बाजूचे मांस व चरबी खरवडताना पाण्यात बरीच चरबी उतरते. तिचा तवंग तळ्यावर पसरला की हवेतील ऑक्सिजन पाण्यात कमी शिरतो. रात्री शेवाळही ऑक्सिजन वापरते, त्यामुळे पहाटे मासे गुदमरण्याचा धोका असतो. म्हणून चरबी उगमापाशीच काढणे महत्त्वाचे आहे.

तत्त्व

चरबीचे कण पाण्याहून हलके आणि बारीक असतात. ते तळाशी बसत नाहीत आणि आपणहून वर यायलाही फार वेळ घेतात. डिझॉल्व्हड एअर फ्लोटेशन, म्हणजे डीएएफ पद्धतीत, शुद्ध झालेल्या पाण्याचा काही भाग परत घेऊन दाबाखाली त्यात हवा विरघळवतात. हे पाणी टाकीच्या तोंडाशी सोडले की दाब एकदम उतरतो आणि जादा हवा अतिसूक्ष्म बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. बुडबुडे कणांना चिकटून त्यांना वर नेतात. वरचा थर स्किमरने ओढून काढतात.

डिझाइन करताना दोन प्रश्न वेगवेगळे सोडवावे लागतात : हवा पुरेशी आहे का, आणि टाकीचे क्षेत्रफळ पुरेसे आहे का?

पहिला प्रश्न : हवा

ह/घ = १.३ × व × (क × द − १) × फ ÷ (स × प्र)

येथे ह/घ म्हणजे हवा व घनपदार्थ यांच्या वस्तुमानांचे गुणोत्तर. १.३ हे एक मिलिलिटर हवेचे वस्तुमान मिलिग्रॅममध्ये. व म्हणजे हवेची विद्राव्यता (मिलि/लि), क म्हणजे दाबटाकीची संपृक्ती-कार्यक्षमता, द म्हणजे निरपेक्ष दाब (वातावरण). फ म्हणजे फेरप्रवाह आणि प्र म्हणजे येणारा प्रवाह (दोन्ही घनमीटर/तास). स म्हणजे तरंगते घन व तेल मिळून (मिग्रॅ/लि).

कंसातील १ वजा करण्याचे कारण सोपे आहे. साध्या वातावरणीय दाबाला जितकी हवा विरघळलेली असते तितकी पाण्यातच राहते. बुडबुडे होतात ते फक्त वरच्या शिलकीचे.

*उदाहरण (आकडे काल्पनिक).* प्र = ३०, स = ८००, ह/घ = ०.०२, द = ५, क = ०.८, पाण्याचे तापमान ३० अंश सेल्सिअस, म्हणून व = १५.७.

१.३ × १५.७ × (४ − १) = ६१.२
फ = ०.०२ × ८०० × ३० ÷ ६१.२ = ७.८ घनमीटर/तास, म्हणजे येणाऱ्या प्रवाहाच्या २६ टक्के.

आता २० अंशांची विद्राव्यता, १८.७, वापरून पाहा. फ = ६.६ येतो. हा आकडा धरून पंप घेतला, तर ३० अंशांना ह/घ ०.०२ ऐवजी ०.०१७ च मिळेल. गरम पाण्यात हवा कमी विरघळते. म्हणून थंड देशातील तक्ता जसाच्या तसा न उचलता आपल्या उन्हाळ्यातील पाण्याचे तापमान घ्यावे.

दाबटाकीकडेही लक्ष हवे. क ०.८ वरून ०.५ वर घसरला, तर कंसातील किंमत ३ वरून १.५ होते आणि फेरप्रवाह दुप्पट लागतो.

दुसरा प्रश्न : क्षेत्रफळ

टाकीतून येणारे पाणी व फेरप्रवाह दोन्ही जातात. पृष्ठभार ५ मीटर/तास धरू.

क्षेत्रफळ = (३० + ७.८) ÷ ५ = ७.६ चौरस मीटर

फेरप्रवाह विसरल्यास ६ चौरस मीटर येते. अशा टाकीवर प्रत्यक्ष भार ६.३ मीटर/तास पडेल आणि कण वर येण्याआधीच पाण्याबरोबर निघून जातील. प्र म्हणून दिवसाची सरासरी न घेता कमाल तासाचा प्रवाह घ्यावा.

*पडताळणी.* २ मीटर खोलीला घनफळ १५.२ घनमीटर, म्हणजे पाणी टाकीत सुमारे २४ मिनिटे राहते. घनभार २४ किलो/तास. त्यातील ९० टक्के वर आला आणि त्या थरात ४ टक्के घन असले, तर ताशी सुमारे ०.५४ घनमीटर गाळ निघेल. त्याची सोय आराखड्यात आधीच हवी.

मर्यादा

- ह/घ व पृष्ठभार पुस्तकातून अंदाजापुरते घ्यावेत. अंतिम किमती त्याच सांडपाण्यावर प्रयोगशाळेत चाचणी करून ठरवाव्यात : दाबाखालचे पाणी काचेच्या उभ्या नळीतील नमुन्यात सोडावे आणि थर वर येण्याचा वेग मोजावा.
- पायसीभूत चरबी आधी रसायनाने फोडून कण मोठे केल्याशिवाय बुडबुडे तिला धरत नाहीत.
- विरघळलेले मीठ आणि विरघळलेले क्रोमियम डीएएफने निघत नाहीत. क्रोमियमचा प्रवाह वेगळा ठेवून त्यावर वेगळी प्रक्रिया करावी.
- चुना व सल्फाइडचे पाणी आम्लयुक्त पाण्यात मिसळू देऊ नये. त्यातून विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो.

स्वाध्याय

वरील उदाहरणात स ८०० वरून १२०० झाला, तर फेरप्रवाह व क्षेत्रफळ किती लागेल? क्षेत्रफळ न वाढवता दाब वाढवून काम भागेल का, ते कारणासह लिहा.